कीर्तिमंदिराचें दार कोणास उघडावें?

अमेरिकेच्या ओहायो संस्थानांत कँटन नांवाचें एक शहर आहे. १९२० सालीं तेथें धंदेवाईक फुटबॉलसंघांची संघटना जन्मास आली, आणि १९६३ सालीं त्याच शहरांत या खेळाचें कीर्तिमंदिर उघडण्यांत आलें. तिकडील फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. चेंडू लंबगोल असून तो बहुधा हातांनींच नेतात व फेंकतात. तो कोणाकडे जावा हें ऐन वेळीं ठरविणारा जो पुढारी, त्यास ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात. जय मिळाला तर श्रेय त्याचें, पराजय झाला तर दोषही त्याचाच! साहजिकच निवृत्त क्वार्टरबॅकांपैकीं कोणास मंदिरांत स्थान द्यावें, हा वाद तेथें दरसाल माजतो. खेळ सोडून पांच वर्षें लोटल्यावर खेळाडू पात्र ठरतो. मग सुमारें पन्नास परीक्षकांचीं शेकडा ८० मतें मिळवावीं लागतात. परीक्षकांत भरणा वृत्तपत्रकारांचा.

आतां दोन उदाहरणें पहा. न्यूयॉर्कच्या संघाचा ईलाय मॅनिंग २००४ पासून २०१९ पर्यंत खेळला. २००८ व २०१२ सालच्या अंतिम सामन्यांत त्यानें न्यू इंग्लंडच्या बलाढ्य संघास नमविलें, व दोन्ही वेळां सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला. परंतु एरवींच्या साखळी सामन्यांत त्याचे जय ११७ आणि पराजयही ११७! २०२५ सालीं तो प्रथम पात्र झाला, पण निवडला गेला नाहीं. उलट सिनसिनाटीचा केन अँडरसन १९७१ पासून १९८६ पर्यंत खेळला. चेंडूफेकीच्या गुणांकांत तो चार हंगाम सर्वांत वरचढ ठरला. मात्र १९८२ च्या जानेवारींतील अंतिम सामना त्याच्या संघानें पांच गुणांनीं गमावला. पुढें कित्येक दशकें मंदिराचें दार त्याला बंदच राहिलें.

एका तेजस्वी दिवसाचें मोल अधिक, कीं सोळा वर्षांच्या सातत्याचें? आमच्या मतें सातत्याचें. कारण या खेळांत चढाईची तुकडी निराळी व बचावाची निराळी. २००८ चा अंतिम सामना न्यूयॉर्कनें १७-१४ असा जिंकला. तोंवर अजिंक्य असलेल्या प्रतिपक्षास चौदा गुणांवर रोखून धरणारे बचावाचे गडी होते, मॅनिंग नव्हे. विजयाची माळ एकट्याच्या गळ्यांत घालणें न्यायाचें नाहीं. तसेच निरनिराळ्या काळांतील आंकडेही सरसकट ताडून पाहूं नयेत. १९७८ सालीं नियम बदलून बचाव करणारांचे हात बांधले गेले व चेंडूफेक सुकर झाली. जो नेमथनें प्रतिपक्षाच्या हातीं दिलेले चेंडू २२०, तर गुण मिळवून देणाऱ्या फेकी १७३ च. तरी १९६७ सालीं एका हंगामांत चार हजार यार्डांचा पल्ला त्यानेंच प्रथम ओलांडला, आणि १९८५ सालीं तो मंदिरांत गेला. खेळाडूची तुलना त्याच्या समकालीनांशींच व्हावी. त्या कसोटीस अँडरसन निःसंशय उतरतो.

या वादांत कालहरण मात्र परवडणारें नाहीं. ओकलंडच्या संघास १९७७ सालीं अजिंक्यपद मिळवून देणारा केन स्टेबलर जुलै २०१५ मध्यें वारला, आणि त्याची निवड झाली २०१६ सालीं! जिवंतपणीं विचारपूस नाहीं आणि मागाहून थाटाचें श्राद्ध, असा प्रकार आपल्याही घरोघरीं घडतो. सन्मान द्यावयाचाच, तर तो ज्याचा त्याला डोळ्यांनीं पाहतां आला पाहिजे.