उचल आधी, वसतिगृह मागाहून

मराठवाड्यातल्या शिक्षणाचा आढावा निजामाच्या उर्दू शाळांपासून सुरू करायची रीत आहे. मग १९५० चे मिलिंद महाविद्यालय, १९५८ चे विद्यापीठ, शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाईंच्या काळातली ईबीसी फी-सवलत. ही वाट पुष्कळांनी तुडवली आहे, मी भराभर पुढे जातो. फीमाफीने गरिबांची एक पिढी कॉलेजात गेली, हे खरेच. पण ज्या घराची चूलच निम्मे वर्ष परमुलखात पेटते, त्या घराची अडचण फी ही नव्हतीच.

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघालात की लिंबागणेश लागते. तिथल्या भालचंद्र गणपतीला बाहेरगावचे लोक येतात, पण हा सगळा डोंगरपट्टा ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्यांचा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. दुसरे सत्र सुरू होते तेव्हा पटावरची बरीच नावे फडावर असतात. तिथे पहाटे तीनला आईबाप ऊस तोडायला गेले की कोपीत दहा वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, वाढ्याच्या पेंढ्या बांधते. पाडव्यानंतर परत येते ती वरच्या वर्गात जायला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने नापास कुणाला करायचे नव्हते, त्यामुळे कागदावर सगळे बिनबोभाट.

साखरशाळांचे गोडवे गाणाऱ्या मंडळींशी माझे जुने भांडण आहे. कारखान्याच्या अड्ड्यावर मुक्काम करणाऱ्या बैलगाडीवाल्यांच्या पोरांना त्या शाळा उपयोगी पडल्या, नाही कोण म्हणतो? पण डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरणारी डोकी सेंटरची टोळी आज या शिवारात, पंधरवड्याने त्या शिवारात. तिच्या मागे शाळा कशी धावणार? आणि कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलेल्या पोराने कन्नड फळ्याकडे नुसते बघत बसायचे?

माझा जीव हंगामी वसतिगृहावर. नाव मोठे, काम साधे: पोर गावातच आजीजवळ राहते, दोन वेळचे जेवण शाळा व्यवस्थापन समिती बघते, आणि शाळा तुटत नाही. भाकरी थापणारी बाई गावातलीच, पोरांना नावानिशी ओळखणारी. शेजारच्या घरात कुणी उंबऱ्याला अडखळले तरी तिला कळते. अशा पोरांची दहावी झालेली मी पाहिली आहे.

पण मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देतो, आणि वसतिगृहाचे सर्वेक्षण, प्रस्ताव, मंजुरी, अनुदान हे सगळे होईपर्यंत गाड्या घाटाखाली उतरलेल्या असतात. नोव्हेंबरात जेवणाची खात्री नसेल तर कोणती आई पोर मागे ठेवील? पोरीचे तर आणखी बिकट. वयात आलेली लेक कुणाच्या भरवशावर सोडायची, म्हणून लग्न उरकतात. जोडपे झाले की एक कोयता, आणि पुढच्या वर्षी नवी उचल.

२०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे. मोठ्या मुलामुलींसाठी चांगलीच आहे. पण दुसरीतले लेकरू आजीला सोडून तालुक्याला जात नाही. अलीकडे तर कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची टूम निघाली. वस्तीवरची शाळाच गेली तर वसतिगृह भरवायचे कुठे?

गाळप कधी सुरू करायचे, ते मंत्री समिती हंगामाआधीच ठरवते. त्याच बैठकीत वसतिगृह उघडायची तारीखही ठरवता येते. हे मी भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगत आलोय. ते वहीत टिपून घेतात, चहा पाजतात आणि वाटेला लावतात.