४८ तासांत अ‍ॅक्शन थ्रिलर: पळापळ कमी, डोकं जास्त

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, किंवा जे सकाळच्या फास्टमध्ये हेडफोन काढायलाही हात हलवू शकले नाहीत, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी अवतार. मधली बडबड कापलीय, मुद्दे तेच आहेत.

आजचा विषय तुमच्याच मेसेजेसमधून आलाय. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून सतत एकच प्रश्न येतो: "दादा, टायमर लावलेल्या फिल्म स्पर्धेत उतरतोय, अ‍ॅक्शन थ्रिलर करायचाय, बजेट शून्य. जमेल का?" जमेल. पण जसं डोक्यात आहे तसं नाही.

आधी, ही स्पर्धा असते तरी काय?

यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे '४८ अवर फिल्म प्रोजेक्ट'. २००१ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन डीसीला सुरू झाली, नंतर जगभर पसरली, मुंबईतही झाली. शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक टीम चिठ्ठी उचलते आणि जॉनर मिळतो: थ्रिलर, हॉरर, कॉमेडी, जे नशिबात असेल ते. शिवाय शहरातल्या सगळ्या टीम्सना तीन गोष्टी सारख्याच मिळतात: एक पात्र, एक वस्तू, एक संवाद. हे तिन्ही फिल्ममध्ये दिसलेच पाहिजेत. लिहिणं, शूट, एडिट, साउंड, सगळं रविवार संध्याकाळपर्यंत. फिल्मची लांबी चार ते सात मिनिटं.

आपल्याकडची दुसरी मोठी स्पर्धा म्हणजे 'इंडिया फिल्म प्रोजेक्ट', आताचं 'आयएफपी'. २०११ मध्ये अहमदाबादहून सुरू झाली. तिथे ५० तास मिळतात, एक थीम मिळते, आणि मोबाईलवर शूट करणाऱ्यांसाठी वेगळी कॅटेगरी असते. म्हणजे कॅमेरा नाही ही सबब संपली.

तीन अटी का? कारण कोणी सहा महिने आधी बनवलेली फिल्म आणून टेकवू नये. कलाकार, कॅमेरा, जागा हे आधी ठरवून ठेवता येतं. गोष्ट मात्र तासांच्या आतच जन्मायला हवी.

सगळ्यांची पहिली चूक

थ्रिलरची चिठ्ठी निघाली की टीममधला एक जण हमखास ओरडतो, "चेस करूया!" पुढचं चित्र ठरलेलं: हूडी घातलेला मित्र, हातात काळी बॅग, मागे दोघं धावतायत. तीन मिनिटं धावतात. बघणाऱ्याला कळतच नाही की बॅगेत काय आहे, आणि तो पकडला गेला तर आपलं काय बिघडतं.

हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत एक उदाहरण दिलं होतं. दोघं टेबलाशी गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटतो: प्रेक्षक काही सेकंद दचकतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं, तर तीच साधी गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो.

आता हे डोंबिवलीत आणा. वन आरकेमध्ये आई चहा करतेय. मुलाने माळ्यावर कसली तरी बॅग लपवलीय, हे आपण बघितलंय. दारात एक अनोळखी माणूस येऊन बसलाय, अगदी गोड बोलतोय, "काकू, साखर कमी घाला." आणि आई म्हणते, "थांबा, माळ्यावरून बिस्किटांचा डबा काढते." झालं! एकही माणूस धावला नाही, तरी पोटात गोळा आला. खर्च किती? चहापत्ती.

एकाच घरात थ्रिलर होतो का, अशी शंका असेल तर रामगोपाल वर्मांचा 'कौन' बघा, १९९९चा. एक घर, तीन पात्रं, बाहेर पाऊस. आणि स्पीलबर्गच्या १९७१च्या 'ड्यूएल'मध्ये मागे लागलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला कधीच नीट दिसत नाही. न दिसणारी गोष्ट फुकट असते आणि जास्त घाबरवते.

तरी चेस करायचाच असेल, तर

दिशा सांभाळा. तुमचा हीरो पडद्यावर डावीकडून उजवीकडे पळत असेल, तर पुढच्या शॉटमध्येही डावीकडून उजवीकडेच. मागे लागलेला माणूसही त्याच दिशेने. एका शॉटमध्ये दिशा उलटली, की दोघं एकमेकांकडे धावतायत असं वाटतं. दिशा बदलायचीच असेल तर कोपऱ्यावर वळताना दाखवा, नाहीतर मध्ये एक शॉट सरळ समोरून घ्या. तो न्यूट्रल असतो, त्यानंतर दिशा बदलली तरी चालते.

यातच मोठी सोय आहे. प्रत्यक्षात तुम्ही एकाच सोसायटीच्या तीन जिन्यांत शूट करा, दिशा सांभाळली की पडद्यावर तो पाठलाग तलावपाळीपासून घोडबंदरपर्यंत गेल्यासारखा वाटेल.

आता मोबाईलवाल्यांसाठी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, आणि फुटेजमध्ये पट्टे सरकताना दिसतात. प्रो मोडमध्ये जा, २५ फ्रेम्स ठेवा, शटर १/५० किंवा १/१०० लॉक करा. जिन्यातला, पार्किंगमधला रात्रीचा शॉट एवढ्यानेच सुधारतो.

मारामारीत कोणी कोणाला मारत नाही

ठोसा मारणारा आणि खाणारा यांच्यात चांगलं हातभर अंतर ठेवा. कॅमेरा एकाच्या खांद्यामागे, म्हणजे दोघं एका रेषेत येतात आणि मधलं अंतर दिसत नाही. मूठ चेहऱ्यासमोरून जाते, खाणारा त्याच क्षणी मान फिरवतो. ठोसा विकतो तो खाणारा, मारणारा नाही. आधी अर्ध्या स्पीडने दहा वेळा प्रॅक्टिस, मगच टेक.

उरलेलं काम आवाजाचं. ओला टॉवेल फरशीवर आपटा, कोबीचा गड्डा फोडा, गाजर मोडा: हाडं मोडल्याचा आवाज तयार. चादर डोक्यावर घेऊन गादीवर बसा आणि फोनवर रेकॉर्ड करा, खोलीचा घुमारा कमी होतो.

'एल मारियाची' हे नाव ऐकलंय? रॉबर्ट रॉड्रिगेझने १९९२ मध्ये साधारण ७,००० डॉलरमध्ये केलेला अ‍ॅक्शन सिनेमा. त्यातल्या बंदुका एक फैर झाडून अडकायच्या. मग त्याने एकेक फैर वेगवेगळ्या अँगलने घेतली आणि एडिटमध्ये जोडून गोळीबार उभा केला. अडचण होती म्हणून स्टाइल आली.

आता सिरियस मुद्दा

हा भाग स्किप करू नका. आमच्या पहिल्या स्पर्धेत आम्ही डोंबिवली पूर्वेतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री अकराला शूट लावलं. मित्राच्या तोंडावर रुमाल, हातात काळं प्लॅस्टिकचं पिस्तूल. कोणालाही सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या, त्यांनी खाली बघितलं आणि किंचाळल्या. पाच मिनिटांत अख्खी बिल्डिंग खाली, थोड्या वेळाने पोलीस. त्यांनी समज देऊन सोडलं. पण दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, "अरे पोरांनो, मला वाटलं खालच्या मुलाला मारतायत. रात्रभर छातीत धडधडत होतं." त्या वाक्यानंतर आम्हाला आमच्या 'रिअल' शॉटचं काडीचं कौतुक उरलं नाही.

म्हणून आमचे नियम आता पक्के आहेत. सेक्रेटरीला आणि जवळच्या पोलीस चौकीला आधी सांगायचं. गेटवर आणि जिन्यात 'शूटिंग चालू आहे' असा कागद चिकटवायचा. खेळण्यातलं पिस्तूलसुद्धा शॉट संपला की लगेच बॅगेत. रस्त्यावर, स्टेशनजवळ ते बाहेर काढायचंच नाही. आणि खरं हत्यार, मग ते 'रिकामं' का असेना, सेटवर येणार नाही. १९९३ मध्ये 'द क्रो'च्या सेटवर ब्रँडन ली गेला. २०२१ मध्ये 'रस्ट'च्या सेटवर सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्स गेली. दोन्हीकडे व्यावसायिक युनिट होतं. आपण तर रात्रभर जागलेली सात-आठ पोरं.

दुसरं, रेल्वे. आपल्या भागात थ्रिलर म्हटलं की लोकल सुचणारच. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच तर आली होती! पण स्टेशनवर शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते, आणि दोन दिवसांत ती मिळेल या भरवशावर राहू नका. रूळ ओलांडणं, फूटबोर्डवर लटकणं हे रेल्वे कायद्याने गुन्हे आहेत. कायदा बाजूला ठेवा. जून २०२५ मध्ये दिवा-मुंब्रा दरम्यान गर्दीच्या लोकलमधून माणसं पडली आणि जीव गेले. ती माणसं नाइलाजाने दारात उभी होती. आपण एका शॉटसाठी तिथे उभं राहायचं?

त्याऐवजी ट्रेन फक्त ऐकवा. रुळांजवळ राहणाऱ्या मित्राच्या गॅलरीतून गाडीचा आवाज रेकॉर्ड करा. खोलीत अंधार, खिडकीच्या पडद्यावर टॉर्चचा उजेड पटपट सरकवा. पडद्यावर गाडी गेली! येऊरचं जंगलही असंच मोहात पाडतं. पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत आणि परवानगी वनखात्याची लागते. सोसायटीच्या बागेत चार झाडं शोधा, क्लोज शॉट घ्या.

तासांचा हिशोब

शुक्रवारी सातला सुरुवात धरूया. रात्री अकरापर्यंत गोष्ट पक्की, दोनपर्यंत स्क्रिप्ट, मग झोप. हो, झोप! शनिवारी सकाळी सात ते रात्री नऊ शूट. एडिटरला शूटवर आणू नका. दुपारीच पहिलं फुटेज त्याच्याकडे द्या, दोन ठिकाणी कॉपी करून. रविवारी दुपारी बारापर्यंत पिक्चर लॉक, मग फक्त साउंड. चारला एक्सपोर्ट. सहाला फाइल अपलोड झालेली किंवा हातात हवी.

"एवढं आधी कशाला?" असं वाटेल. आमचं पहिलं एक्सपोर्ट ९४ टक्क्यांवर अडकलं, तेव्हा सव्वासहा वाजले होते. आम्ही नऊ मिनिटांनी चुकलो. उशीर झाला की बक्षिसाच्या शर्यतीतून बाहेर. दोन दिवसांची मेहनत आणि आजींची झोप, दोन्ही वाया.

आणि रात्री उशिरा सामान घेऊन कोणालाही बाइकवर घरी पाठवू नका. थकलेल्या माणसाचा सगळ्यात धोकादायक स्टंट तोच असतो.

कलाकार कुठून आणायचे?

हा प्रश्न आपल्याकडे पडायलाच नको. गडकरी रंगायतन, कल्याणचं अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर, हे सगळं आपल्या दाराशी आहे. कॉलेजच्या एकांकिकावाल्या पोरांना रात्रभर तालीम करायची आणि एका टेकमध्ये संवाद म्हणायची सवय असते. फक्त त्यांना एकच सांगा: शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलू नका, कॅमेरा हातभर अंतरावर आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही परत उतरलो. एक खोली, दोन पात्रं, पिस्तूल नाही. बक्षीस मिळालं नाही, पण फिल्म सव्वापाचला जमा झाली. पहिलं स्क्रीनिंग आम्ही लॅपटॉपवर त्याच आजींच्या घरी केलं. शेवटी त्या म्हणाल्या, "ह्या वेळी जास्त भीती वाटली रे!"

तुमची चिठ्ठी निघाली की काय जॉनर मिळाला ते व्हॉइस नोटवर नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत फोन चार्ज ठेवा आणि स्टोरेज रिकामं करा!