चिंता आणि चालू क्षण

चिंता ही नेहमी उद्याची असते. निकाल काय लागेल, नोकरी मिळेल का, वडिलांची नोकरी टिकेल का, इमारत पाडल्यावर नवे घर केव्हा मिळेल, हे आपल्या उपनगरांतील घराघरांतले प्रश्न. यांपैकी एकाचेही उत्तर रात्रभर जागून मिळत नाही. तरी मन तिथेच घिरट्या घालते. मार्च २०२० मध्ये लोकलगाड्या थांबल्या आणि ही अनिश्चितता प्रत्येक घरात शिरली. सर्व प्रवाशांना लोकल पुन्हा खुली झाली ती १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीही ठरावीक वेळांपुरती. मी तेव्हा शाळेत होतो. त्या दिवसांत ‘उद्या’ या शब्दाची भीती वाटे.

‘वर्तमानात राहा’ असा उपदेश सगळेच करतात. पण राहायचे कसे? याचे एक साधे उत्तर बोरिवलीच्या खाडीपलीकडे, गोराईच्या विपश्यना पॅगोडात मिळते. ८ फेब्रुवारी २००९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या घुमटाखाली एकही खांब नाही, आणि सुमारे ८००० माणसे तेथे एकत्र बसू शकतात.

त्यामागील सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशातील उद्योजक. अर्धशिशीने बेजार होऊन १९५५ मध्ये ते ऊ बा खिन या सरकारी अधिकाऱ्याकडे ही साधना शिकले. पुढे लष्करी राजवटीत त्यांचे कारखाने सरकारजमा झाले. उद्याचा भरवसा उरला नाही म्हणजे काय, हे त्यांनी अनुभवले होते. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि पहिले शिबिर मुंबईतच घेतले.

साधनेची पहिली पायरी म्हणजे आनापान. स्वस्थ बसावे, डोळे मिटावे, नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहावा. तो लांबवू नये, मोजू नये. मन पळाले की न रागावता परत आणावे. ते शंभरदा पळेल. शंभरदा परत आणणे हाच अभ्यास. श्वासच का? कारण उद्याचा श्वास आज घेता येत नाही. तो पाहायचा तर आत्ताच पाहावा लागतो.

याचा अर्थ हातावर हात ठेवून बसावे, असा नव्हे. विचार आणि चिंता यांत फरक आहे. विचार एखाद्या कृतीपाशी येऊन थांबतो: अर्ज भरणे, धडा वाचणे, कुणाला भेटणे. चिंता मात्र फिरून पुन्हा पहिल्या जागी येते. मनात आलेल्या प्रश्नावर आज काही करता येण्यासारखे असेल, तर ते करावे. नसेल, तर श्वासाकडे वळावे. अंधेरीपर्यंत बसायला जागा मिळाली की मी गाडीतच हे करतो. प्रश्न सुटत नाहीत. पण पुस्तक उघडण्याइतके मन मोकळे होते.

झोप, भूक, उमेद सारेच हरपले असेल, तर मात्र एवढ्यावर भागवू नये. डॉक्टरांकडे जावे, त्यात कमीपणा नाही.

मित्रहो, परीक्षा येतील, निकाल लागतील. त्या दिवसांचे ओझे आजच कशाला वाहायचे? आजच्यापुरता आजचा अभ्यास पुरे.