पाच रुपयांची तक्रार: ढाक्यात आणि घाटकोपरला

घाटकोपर स्टेशनबाहेरच्या एका टपरीवर २० रुपये छापलेली पाण्याची बाटली २५ ला मिळते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "थंड करायचे पाच." परवा सोसायटीच्या ग्रुपवर यावरूनच जुंपली. एका काकांनी ठणकावून लिहिलं, "तक्रार करा, दंडातले २५ टक्के तुम्हालाच मिळतात!"

मिळतात, पण बांगलादेशात. तिथल्या २००९ च्या ग्राहक हक्क कायद्यात तशी तरतूदच आहे. तक्रार खरी ठरून तिथल्या ग्राहक खात्यानं १० हजार टका दंड केला, तर अडीच हजार तक्रारदाराचे. आपल्याकडे छापील किमतीवर पैसे उकळले, तर तक्रार वैधमापन शास्त्र खात्याकडे करायची. जुनी माणसं त्यांना वजनमापवाले म्हणतात. दंड होतो, पण तो सरकारजमा. स्वतःला भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगाचं दार वेगळं. (तीच बाटली हॉटेलात टेबलावर मागवलीत, तर हे काहीच लागू नाही. तिथं जादा किंमत लावायला सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली मुभा दिली आहे.)

मग बांगलादेशचाच कायदा कडक म्हणायचा का? इथं दुसरा गैरसमज. तिथं तक्रारीला मुदत ३० दिवसांची, आपल्याकडे दोन वर्षांची. तिथं खासगी रुग्णालयाच्या सेवेत दोष आढळला, तरी ग्राहक खात्याला स्वतः कारवाई करता येत नाही, आरोग्य खात्याला कळवून थांबावं लागतं. आपल्याकडे १९९५ च्या शांता खटल्यापासून पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आहेत. हा फरक मला पाच रुपयांहून कितीतरी मोठा वाटतो. अर्थात त्यांच्या झटपट दंडाचा हेवा वाटतोच. आपल्या कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात.

"कंपनी गुरुग्रामची, तिकडे कोण खेपा घालणार?" हेही नेहमीचंच. खेपा घालायच्याच नाहीत. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, सगळ्यांचा आयोग वांद्रे पूर्वेला. चेकनाक्यापलीकडे घर असेल तर मात्र ठाणे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते.

पुरावा हवा, म्हणजे बिल हवं. टपरीवर कुठलं बिल? पण मागूनही बिल न देणं हीच आपल्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. परवा मी मागितलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मागच्या रांगेकडे, आणि पाचचं नाणं बरणीच्या झाकणावर ठेवलं. बिल नाहीच दिलं.