गोदामाबाहेरचा बिनतारी तापमापक : बसवावा कसा, बिघडल्यास पाहावे काय

भिवंडीच्या गोदामात पावसाळ्यात कापडाच्या ताग्यांना कुबट वास सुटतो. मालेगावच्या कारखान्यात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सूत सारखे तुटते. दोन्हींचे मूळ हवेत आहे. ही हवा मोजणारे बिनतारी यंत्र आता बाजारात सहज मिळते. त्याचा सेन्सर बाहेर लावायचा आणि आकडे दाखवणारे मुख्य यंत्र आत, गल्ल्याजवळ ठेवायचे. आमच्या अनेक व्यापारी बंधूंनी ते घेतले आणि महिनाभरात ‘आकडे खोटे दाखवते’ म्हणून कपाटात टाकले. आम्ही जेवढी यंत्रे पाहिली, त्यांत यंत्र क्वचितच बिघडलेले होते. बहुतेक ठिकाणी जागा चुकलेली होती.

घेताना तापमानाबरोबर हवेतील दमटपणाही दाखवणारे घ्यावे, आणि आतला व बाहेरचा असे दोन्ही आकडे दाखवणारे. कपड्याच्या धंद्यात नुसते तापमान कामाचे नाही. समजा जुलैच्या दुपारी बाहेर ३० अंश व दमटपणा ८५ टक्के आहे आणि गोदामात २७ अंश. हवा खेळावी म्हणून आपण शटर उघडतो. पण तीच बाहेरची हवा आत येऊन २७ अंशांपर्यंत थंड झाली की तिचा दमटपणा १०० टक्क्यांना जाऊन भिडतो आणि पाणी भिंतींवर व मालावर उतरते. म्हणजे चांगल्या हेतूने उघडलेले शटरच बुरशीला आमंत्रण देते. हे टाळायचे तर बाहेरचा आकडा खरा हवा.

भिंतीवर चढवण्यापूर्वी दोन्ही यंत्रे टेबलावर हात-दीड हात अंतरावर ठेवावीत. आधी सेन्सरमध्ये सेल घालावेत, मग मुख्य यंत्रात. सेन्सरवर १, २, ३ असे चॅनल असल्यास दोन्हीकडे एकच ठेवावा. त्यानंतर पंधरा मिनिटे एकाही बटणाला हात लावू नये. आपल्या माणसांना एवढाच धीर नसतो!

आता जागा. उन्हात लावलेला सेन्सर हवेचे नव्हे, स्वतःच्या तापलेल्या प्लास्टिकचे तापमान सांगतो. उत्तरेची भिंत चांगली असे सगळे सांगतात. ते बरोबरही आहे, पण आपल्याकडे मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, म्हणून त्या भिंतीवरही वर छज्जा हवाच. उंची जमिनीपासून पाच-सहा फूट असावी. पत्र्याला, साइझिंगच्या बॉयलरच्या भिंतीला किंवा एक्झॉस्ट पंख्याच्या तोंडाशी तो लावू नये. भिंत आणि सेन्सर यांत दोन बोटे फट राहू द्यावी. पाऊस थेट लागू नये, पण प्लास्टिकच्या पिशवीत बांधूही नये. पिशवीतल्या हवेचे आकडे घेऊन काय करणार?

मुख्य यंत्रावर आकड्यांऐवजी नुसत्या रेघा दिसल्या, तर संदेश पोहोचत नाही असे समजावे. खोक्यावर लिहिलेले अंतर मोकळ्या मैदानातले असते. विटांची भिंत ते कमी करते आणि लोखंडी शटर किंवा पत्रा संदेश जवळजवळ अडवतोच. मुख्य यंत्र खिडकीकडे सरकवून पाहावे. दोन्ही पुन्हा शेजारी ठेवल्यावर आकडा आला, तर यंत्र ठीक आहे, आडकाठी मधल्या पत्र्याची आहे. शेजारी ठेवूनही रेघाच राहिल्या, तर सेल बदलावेत. चार्ज होणारे सेल घालू नयेत. ते १.२ व्होल्टचे असतात, साधे अल्कलाइन १.५ व्होल्टचे. दोन सेलांत ०.६ व्होल्टची तूट पडते आणि तेवढ्यानेही संदेश कमजोर होऊ शकतो. आकडा येतो पण तो भलताच असतो, असे झाल्यास शेजाऱ्याच्या सेन्सरचा संदेश आपल्याकडे येत नाही ना, हे पाहावे. चॅनल बदलला की ते थांबते.

आकड्यावर शंका असल्यास घरच्या घरी कसोटी घेता येते. दुकानदार ‘बदलून देतो’ म्हणतो खरे, पण आधी ही कसोटी घ्यावी. बर्फाचा चुरा व थोडे पाणी यांत सेन्सर घट्ट बंद पिशवीत घालून अर्धा तास ठेवला, तर शून्याच्या आसपास दाखवला पाहिजे. एखाद्या अंशाचा फरक चालतो. दमटपणासाठी बाटलीच्या झाकणात मीठ घ्यावे व दोन-चार थेंब पाण्याने ते चिखलासारखे ओले करावे, विरघळू देऊ नये. हे झाकण आणि सेन्सर एका बंद पिशवीत रात्रभर सावलीत ठेवावेत, मीठ सेन्सरला लागू देऊ नये. सकाळी ७५ टक्के दिसले पाहिजे. ७० दिसले तर त्या सुमाराच्या आकड्यांत पाच मिळवून वाचावे. कापडाच्या गोदामाला हा आकडा तपासणे अधिक गरजेचे आहे, कारण आतला दमटपणा दिवसेंदिवस ७० टक्क्यांच्या वर राहिला की सुती मालाला बुरशीचा धोका सुरू होतो.

सेल पावसाळ्याच्या तोंडावर, मे अखेरीस, एखाद्या जुम्म्याच्या सुट्टीत बदलावेत आणि तारीख सेन्सरच्या पाठीवर लिहून ठेवावी. यंत्र काही महिने वापरायचे नसेल, तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते गळून आतल्या पट्ट्या खातात.