मर्यादा माणसाला की डिरेक्टरीला?

चंदीगड शहराची आखणी करताना ल कॉर्बुझिए आणि त्याचे सहकारी यांनी जमिनीचे सेक्टर पाडले. प्रत्येक सेक्टर साधारणतः 800 मीटर रुंद व 1200 मीटर लांब. 1952 मध्ये राजधानीच्या विकासासाठी व नियमनासाठी कायदा झाला आणि कोणत्या भूखंडावर काय व किती बांधावयाचे यावर शासनाचे बंधन आले. हे बंधन भूखंडाला लागू असते, मालकाला नव्हे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. मालक घर विकून निघून गेला तरी भूखंडाची मर्यादा तेथेच राहते. संगणकाच्या डिस्कवरील जागेची वाटणी करतानाही नेमका हाच प्रश्न उभा राहतो. (डिस्कच्या सर्वांत लहान तुकड्यालाही सेक्टरच म्हणतात, हा केवळ योगायोग.)

चंदीगडच्याच सेक्टर 39-अ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था 1984 पासून कार्य करीत आहे. अशा संस्थेतील एखाद्या संशोधक-गटाची कल्पना करू. एका जीवाणूच्या जनुकसंचात सुमारे 40 लक्ष अक्षरे असतात असे धरले आणि खात्रीसाठी प्रत्येक अक्षर सरासरी शंभर वेळा वाचले, तर 40 कोटी अक्षरे होतात. प्रत्येक अक्षरासोबत त्याच्या विश्वासार्हतेचे एक चिन्ह लिहिले जाते. म्हणजे 80 कोटी चिन्हे, आणि शीर्षके धरून जवळजवळ एक गिगाबाइट. हा एका जीवाणूचा हिशेब झाला. शंभर जीवाणू, प्रत्येकाच्या मधल्या टप्प्यावरील फाइली, आणि ‘असू द्यावी’ म्हणून ठेवलेली एकेक प्रत, एवढ्यावर डिस्क भरावयास वेळ लागत नाही.

डिस्क भरली म्हणजे केवळ गैरसोय होते असे नाही. एकाने जागा व्यापली तर दुसऱ्याचे तीन दिवस चाललेले गणित मध्यरात्री थांबते. त्याहून वाईट म्हणजे, लेखन अयशस्वी झाल्याचे पाहण्याची तसदी न घेणारे कित्येक प्रोग्राम अर्धवट फाइल मागे ठेवून शांतपणे पुढे जातात. ती फाइल वरवर पाहता शाबूत दिसते, आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे माणशी कोटा. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठातील रॉबर्ट एल्झ यांनी युनिक्ससाठी रचलेली ही व्यवस्था 1983 च्या 4.2 बीएसडी या आवृत्तीतून सर्वत्र पोचली. तीत दोन मर्यादा असतात. सौम्य मर्यादा ओलांडली तरी काम चालू राहते. मात्र सवलतीची मुदत सुरू होते. मुदत संपूनही वापर खाली आला नाही तर लेखन बंद. कठोर मर्यादा मात्र क्षणभरही ओलांडता येत नाही. ही योजना इतकी समंजस होती की पुढील सर्व व्यवस्थांनी ती जवळजवळ जशीच्या तशी उचलली.

तिचा दोष एकच. ती फाइलीचा मालक पाहते. विद्यार्थी पदवी घेऊन गेला तरी त्याच्या फाइली त्याच्याच नावावर राहतात. पाच जणांनी मिळून एका कामासाठी किती जागा वापरली, याचे उत्तर तिच्यापाशी नसते. त्यासाठी डिरेक्टरीला, म्हणजे फाइली ठेवण्याच्या कप्प्याला, मर्यादा घालावी लागते. एक्सएफएस या फाइल-व्यवस्थेत ही सोय ‘प्रोजेक्ट कोटा’ या नावाने आहे; लिनक्सवरील ईएक्सटी-4 मध्ये ती 2016 साली आली. तत्त्व सोपे आहे. प्रत्येक फाइलीच्या नोंदीत एक प्रकल्प-क्रमांक लिहिलेला असतो, आणि नवी फाइल ज्या डिरेक्टरीत जन्मते तिचा क्रमांक घेऊनच जन्मते. फाइल कोणी लिहिली हे येथे गौण ठरते.

व्यवस्थापकाला हे सारे आज्ञा टंकलिखित करून साधता येते. एक्सएफएसमध्ये डिस्क जोडताना ‘पीआरजेकोटा’ हा पर्याय प्रथम द्यावा लागतो. आधीच जोडलेल्या डिस्कवर मोजणी मागाहून सुरू करता येत नाही, ती सोडवून पुन्हा जोडावी लागते. नंतर ‘प्रोजेक्ट्स’ या फाइलीत क्रमांक व डिरेक्टरीचा मार्ग, आणि ‘प्रोजआयडी’ या फाइलीत प्रकल्पाचे नाव व क्रमांक नोंदवावयाचा. पुढचे काम ‘एक्सएफएस-कोटा’ या आज्ञेचे. तिची ‘प्रोजेक्ट’ ही उपआज्ञा डिरेक्टरीतील जुन्या फाइलींवर क्रमांकाचा शिक्का उमटविते, ‘लिमिट’ने मर्यादा ठरते, समजा सौम्य 400 व कठोर 500 गिगाबाइट, आणि ‘रिपोर्ट’ने प्रत्येक प्रकल्पाचा वापर समोर येतो. हा अहवाल तत्काळ मिळतो, कारण हिशेब प्रत्येक लेखनासरशी होत असतो. ‘डीयू’ ही जुनी आज्ञा याउलट प्रत्येक फाइल शोधून बेरीज करते. लक्षावधी फाइली असल्या तर चहा पिऊन यावे.

या व्यवस्थेच्या काही लकबी नवख्याला गोंधळात टाकतात. मर्यादा घातलेल्या डिरेक्टरीत उभे राहून ‘डीएफ’ ही शिल्लक जागा सांगणारी आज्ञा दिली, तर ती संपूर्ण डिस्कचा नव्हे, त्या डिरेक्टरीच्या मर्यादेचा आकडा दाखविते. एका दृष्टीने हे उत्तमच. ज्याला जेवढे अंगण, त्याला तेवढेच आकाश. परंतु एक्सएफएसमध्ये मर्यादा संपली की संदेश येतो तो ‘डिस्कवर जागा नाही’ असा. कोट्याचे नावही त्यात नसते. मग शेजारच्या डिरेक्टरीत भरपूर जागा असताना डिस्क बिघडली की काय, अशी शंका घेतली जाते. तिसरी लकब म्हणजे फाइल हलविण्याची. एकाच डिस्कवर ‘एमव्ही’ने फाइल हलविणे एरवी क्षणाचे काम, कारण फक्त नाव बदलते. दोन वेगळ्या प्रकल्पांच्या सीमेपलीकडे मात्र एक्सएफएस हे नामांतर नाकारते. ‘एमव्ही’ला सबंध प्रत काढून मूळ फाइल पुसावी लागते. अर्थात, पलीकडे जागा नसेल तर हेही अडते.

गिगाबाइटांखेरीज फाइलींच्या संख्येलाही मर्यादा घालता येते. गणिताने दहा लक्ष चिमुकल्या फाइली निर्माण केल्या तर जागा थोडीच जाते, पण प्रतिरक्षणाचे, म्हणजे सुरक्षित प्रत काढण्याचे, काम रखडते. ही मर्यादा बहुधा विसरली जाते.

राहिला प्रश्न आकड्याचा. चंदीगडची मूळ योजना पाच लक्ष वस्तीसाठी होती. 2011 च्या जनगणनेत केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या 10,55,450 भरली. शहराच्या बाबतीत आखणी पुन्हा करणे दुरापास्त. कोट्याच्या बाबतीत मात्र ‘लिमिट’ची एक आज्ञा पुरते, एकही फाइल हलवावी लागत नाही. सर्व मर्यादांची बेरीज डिस्कपेक्षा अधिक ठेवण्याचीही मुभा आहे. सर्वजण एकाच वेळी पूर्ण वाटा मागत नाहीत, या भरवशावर. हा भरवसा जोखमीचा आहे, आणि तो घेतल्याचे गटांना सांगावे हे बरे. आकडा सुचत नसेल तर डिस्क ‘पीक्यूनोएन्फोर्स’ या पर्यायाने जोडावी. या अवस्थेत मोजणी चालू राहते, परंतु कोणालाही अडविले जात नाही. महिनाभर अहवाल पाहून, संबंधितांना दाखवून, मग ‘एनेबल’ या उपआज्ञेने अंमलबजावणी सुरू करता येते.