केना मातीखालीही फुलतो
(रानातले तण : भाग ४)

तणनाशक कमी केले तर काय होईल, असे विचारणारा शेतकरी उत्तरही सोबतच घेऊन येतो : "रान तणानं भरून जाईल." पहिल्या एक-दोन वर्षांपुरते ते खरे आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. जमिनीत तणाच्या बियांचा साठा वर्षानुवर्षे पडून असतो. फवारा थांबला की त्यातले बरेचसे वर येते. म्हणून धाराशिवच्या सोयाबीनवाल्याला, सगळ्या शिवारात एकदम फवारा सोडा, असे मी सांगणार नाही.

पण फवाऱ्यानेही तण संपलेले नाही. ते बदलले आहे. केन्याचेच बघा. एक झाड हलक्या हाताने मुळासकट काढा, माती झटका. बुंध्यापाशी पांढुरक्या बारीक फांद्या मातीत शिरलेल्या दिसतील. वरच्या निळ्या फुलांना बी धरते, तसेच या फांद्यांवरच्या न उमलणाऱ्या फुलांनाही जमिनीतच धरते. शिवाय मातीला टेकलेल्या पेरांना मुळ्या फुटतात. ग्लायफोसेटला हे तण सहजी दाद देत नाही. एकच औषध दरवर्षी मारले की बाकीचे तण मरते आणि मोकळ्या झालेल्या जागेत केना हातपाय पसरतो.

कोळप्याचेही पथ्य आहे. ओल्यात कोळपले तर केन्याचे तुकडे होतात आणि तुकडे पुन्हा रुजतात. वाफशावर, कडक उन्हात कोळपले की उपटलेले बाकीचे तण वाळून जाते, केना मात्र वेचूनच काढावा लागतो. सोयाबीनचे पहिले ३० ते ४५ दिवस निर्णायक. १५-२० दिवसांनी एक आणि ३०-३५ दिवसांनी दुसरी कोळपणी, ओळीतले तण खुरप्याने. पुढे पीक दाटले की सावलीत उशिरा उगवलेले तण उत्पन्नाला फारसा धक्का लावत नाही. पण त्याला बियाला येऊ द्यायचे नाही, कारण खालचा साठा घटतो तो इथेच. झड लागून वाफसाच मिळाला नाही तर? तेव्हा फक्त ओळीवर पट्टा फवारावा, मधल्या जागेत उघडीप मिळताच कोळपे चालवावे. औषध निम्म्याहून कमी लागते.

खुरपणीचा भार बायांच्या कमरेवर येतो, हे विसरून चालणार नाही. याच जिल्ह्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत महिलांनी एक एकराची शेती उभी केली : कडधान्ये, तृणधान्ये, भाजीपाला एकत्र, सेंद्रिय खतांवर. संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते क्षेत्राचे माप. एकर-अर्धा एकर घरच्या खुरप्याच्या आवाक्यात राहतो, मिश्र पिकांनी जमीन लवकर झाकली जाते, आणि कुर्डू, घोळ, तांदुळजा कोवळे असतानाच भाजीला जातात.

तेव्हा यंदा सगळे रान नको, एक एकर काढा. त्यातला केना फुलावर येण्याआधी मुळासकट उपटा आणि ओल्या बांधावर टाकू नका, तो तिथेही रुजतो. खडकावर पसरून उन्हात पुरता वाळवा.